या, बसा! – सुरतेची गादी आणि गिऱ्हाइकाची भाषा

सुरतेच्या रिंग रोडवरील कापड बाजारात दुकानात शिरण्यापूर्वी जोडे बाहेर काढावे लागतात. आत टेबल नाही, काच नाही, गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यामध्ये उभी राहणारी फळी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी चादर घातलेली गादी, कडेला लोड-तक्के, आणि मागे छतापर्यंत साड्यांचे गठ्ठे. आपण बसतो, समोर माल दाखवणाराही बसतो. दोघांची डोकी एका पातळीवर येतात. मग पहिला प्रश्न मालाचा नसतो, पाणी-चहाचा असतो.

आम्ही तेथे गेलो होतो ते एका पक्षकारासोबत. बेळगावात त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि त्यांच्या व्यवहारातील एका कागदासंबंधी आमचे मत त्यांना जागेवरच हवे होते. आम्ही दोघे आपापसांत मराठीत बोलत जिना चढलो. ती दोन वाक्ये गादीवरच्या तरुणाने ऐकली असावीत, आम्ही उंबऱ्याशी पोहोचलो तोच तो म्हणाला, "या काका, बसा. चहा सांगू का थंड?" चौकशी करता कळले की मुलगा अमळनेर तालुक्यातला. पेढीच्या मालकाशी तो गुजरातीत बोले, पाटण्याहून आलेल्या व्यापाऱ्याशी हिंदीत, आमच्याशी पुस्तकी वाटावी इतक्या जपून मराठीत. आणि मध्येच घरून दूरध्वनी आला तेव्हा "काय करी राहिना रे" असे अहिराणीत. मालकाने कौतुकाने सांगितले, महाराष्ट्राच्या गिऱ्हाइकांसाठी हा, आणि आंध्र-तेलंगणासाठी तेलुगू जाणणारा दुसरा ठेवला आहे. यात त्यांना काही विशेष केल्यासारखे वाटत नव्हते. तराजू ठेवावा तशी त्यांनी भाषा ठेवली होती.

आम्हांस मात्र त्या 'या, बसा'ने थोडे अस्वस्थ केले, कारण त्याच महिन्यात आमच्या गावच्या एका दुकानात वेगळा प्रसंग पाहिला होता. खेड्यातून आलेल्या एका म्हातारीने लुगड्याचा भाव मराठीत विचारला. समोरचा मुलगा क्षणापूर्वी सोबत्याशी मराठीत हसतखिदळत होता. म्हातारीला मात्र त्याने दुसऱ्या भाषेत, तिला न कळेल अशा वेगाने उत्तर दिले आणि पाठ फिरवली. तिने लुगडे खाली ठेवले व ती निघून गेली. न्यायाने बोलायचे तर हेही सांगितले पाहिजे की अस्सल मराठी पाटीच्या दुकानात बैलहोंगलकडच्या कन्नड शेतकऱ्याला असेच ताटकळत ठेवलेले आम्ही पाहिले आहे. सीमेवर राहणाऱ्यास दुकानाची फळी ही सीमेचीच एक छोटी आवृत्ती वाटते. म्हणून सुरतेहून परतल्यावर हा प्रश्न आम्ही थोडा मागे जाऊन तपासला: गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलण्याची ही सवय सुरतेला लागली कोठून?

इंग्रजांना मोगल दरबाराकडून सुरतेत वखार घालण्याची परवानगी १६१३ मध्ये मिळाली. त्यांच्यामागून काही वर्षांतच डच आले, पुढे १६६० च्या दशकात फ्रेंच आले. अरब, तुर्क, आर्मेनियन, इराणी हे तर आधीपासूनच होते. यांतील कोणालाही गुजराती येत नव्हती आणि विणकराला यांतील कोणाचीही भाषा येत नव्हती. या दोन टोकांमध्ये जो उभा राहिला तो दलाल. माल पाहणे, भाव ठरवणे, नाणे पारखणे, उधारीची हमी घेणे ही त्याची दिसणारी कामे. पण या सर्वांच्या बुडाशी काम एकच होते, दुसऱ्याच्या बोलीत बोलणे. किनाऱ्यावर त्या काळी मोडकीतोडकी पोर्तुगीज हीच व्यापाऱ्यांची मध्यस्थ भाषा होती, दरबारात फारसी लागे, आणि दलालास दोन्हींपुरती जीभ वळवता येत असे. इंग्रजांचा दलाल भीमजी पारेख हा तर १६७० च्या दशकात कंपनीकडे छपाईचा कारागीर मागून बसला होता. नागरी अक्षरांत ग्रंथ छापावेत अशी त्याची इच्छा होती. हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ मध्ये आलाही, परंतु देशी अक्षरांचे खिळे पाडणे त्याला साधले नाही. मराठी-गुजराती मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एका कापडदलालाची ही खटपट दोन ओळींत उरकू नये असे आम्हांस वाटते.

जेथे जीभ पुरत नसे तेथे हात बोलत. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात हिऱ्यांच्या खाणीवरील बनिया व्यापाऱ्यांचा सौदा वर्णिला आहे. दोघे समोरासमोर बसत, कमरेच्या वस्त्राखाली हातात हात घेत. सगळा पंजा धरला तर हजार, एक बोट धरले तर शंभर, बोटाचे अर्धे पेर धरले तर त्याहून कमी. भोवती माणसे उभी असूनही कोणास काही कळत नसे. आमच्याकडील बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. बाजार समित्यांच्या नियमांनी शेतमालाचा भाव अशा गुप्त खुणांनी ठरवण्यास मनाई केली आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण भाषा न जाणणाऱ्या दोन माणसांना जोडणारी ती एक भाषाच होती, हे विसरू नये.

सुरतेच्या या नम्रतेला कोणी दुबळेपणा समजू नये. १६६९ मध्ये तेथील काझीच्या जाचाला विटून हजारो वाणी शहर सोडून भडोचला निघून गेले. टांकसाळ आणि जकातीचे नाके ओस पडले. आश्वासने मिळाली तेव्हाच, काही महिन्यांनी, ते परतले. आमच्या भागातील 'बंद'ची परंपरा फार अलीकडची आहे.

आता आमच्या लोकांकडे वळू. मराठी भाषा सुरतेत प्रथम मोठ्या संख्येने आली ती घोड्यावर बसून. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० या दोन स्वाऱ्या शाळेतील मुलासही ठाऊक असतात. त्यातील एक लहान गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे की १६६४ च्या लुटीत महाराजांनी डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर वगळले, कारण तो माणूस हयातीत फार दानशूर होता असे त्यांना सांगण्यात आले. तलवार घेऊन आलेल्यांनीही बाजारातील माणसाचा लौकिक विचारात घेतला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारांवर स्वतंत्र प्रकरणच आले. व्यापारी बाहेरून बोलावून आणावा, त्याचा मान राखावा, मात्र टोपीकरांपासून सावध असावे, असा त्याचा रोख. राज्यकर्त्या मराठी मनाला व्यापाऱ्याचे मोल कळत होते. पण ते मोल 'बोलावून आणलेल्या' माणसाचे होते, हेही त्यातच आले.

अठराव्या शतकात मराठी सुरतेत वसुलीची भाषा होऊन आली. शहराच्या उत्पन्नावर चौथाईचे हक्क होते आणि भोवतालचे परगणे 'सुरत अठ्ठाविशी' या नावाने गायकवाडांकडे होते. एकोणिसाव्या शतकात तीच भाषा शिक्षक होऊन आली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवीत होते, आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी तेथे मानवधर्म सभा काढली. ज्याने आमच्या विभक्ती आणि प्रयोग लावून दिले तो मनुष्य काही वर्षे सुरतेच्या बाजारातून भाजी घेत होता. भाजीवालीशी तो कोणत्या भाषेत बोलत असेल?

पुढचे येणे खानदेशातून झाले. तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले गेल्यानंतर, आणि विशेषतः गेल्या अर्धशतकात यंत्रमाग व कापडप्रक्रिया वाढल्यावर, जळगाव, धुळे, नंदुरबारची कुटुंबे उधना-लिंबायतच्या वस्त्यांत स्थिरावली. तेथून आज मराठी आडनावाचे लोकप्रतिनिधी निवडून येतात, आणि सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही चालतात. आमच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचले तरी हरकत नाही.

स्वार, वसुलीदार, शिक्षक, कामगार आणि आता गिऱ्हाईक. भाषा तीच, पण दारात तिचे स्वागत प्रत्येक वेषात निराळे. गादीवरचा अमळनेरचा मुलगा आमच्याशी मराठीत बोलला, कारण आमच्या पक्षकाराच्या खिशात खरेदी होती. त्याच इमारतीत पाठीवर गठ्ठे वाहणाऱ्यांतही मराठी बोलणारे होते; त्यांना 'या, बसा' कोणी म्हणत नव्हते. हे कठोर सत्य सुरतेच्या कौतुकात दडपून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शब्दांतही हा इतिहास शिल्लक आहे. 'गुमास्ता' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ नेमलेला, धन्याच्या वतीने काम करणारा. मुंबईत दुकानाच्या परवान्याला लोक अजून 'गुमास्ता लायसन' म्हणतात, आणि गुजरातेत दुकाने व आस्थापनांच्या कायद्याला 'गुमास्ता धारा' म्हणतात. कायद्याचे नाव मालकाच्या मालमत्तेवरून पडले आहे, पण लोकांनी त्याला नाव दिले ते नोकराचे. 'गिऱ्हाईक' हा आमचा 'ग्राहक' शब्दाचा अपभ्रंश, गुजरातीत तो 'घराक'. पण मराठीत एखाद्याचे 'गिऱ्हाईक करणे' म्हणजे त्याची टर उडवणे, त्याला बनवणे! दुकानातील कोणत्या अनुभवाने हा अर्थ चिकटला असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. 'भाव' हा शब्द तर अधिकच बोलका: किंमतही तोच, मनातील भावनाही तोच, आणि 'तो मला भाव देत नाही' म्हणताना मानही तोच. सकाळच्या पहिल्या विक्रीला आम्ही 'भवानी' म्हणतो, गुजराती 'बोणी' म्हणतो. त्या गिऱ्हाइकाला रित्या हाताने परत पाठवू नये ही समजूत दोन्हीकडे आहे. संबोधनांत फरक दिसतो. गुजराती दुकानदार कोणत्याही स्त्रीला 'बेन' आणि पुरुषाला 'भाई' म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे ताई, वहिनी, मावशी, आजी यांतून वय पाहून निवड करावी लागते, आणि वहिनी होण्याच्या वयात कोणी 'मावशी' म्हटले तर विक्री बुडते. उत्तर कर्नाटकातील कन्नडने यावर सोपा तोडगा काढला आहे: क्रियापदाला 'री' जोडला की मान दिला गेला, नाते जोडण्याची गरज नाही. आमच्या बेळगावी मराठीलाही कन्नडच्या या शेजाराचे वळण लागले आहे.

दुसऱ्या एका देशात याच सुमारास वेगळीच वाट काढली गेली. १६७३ मध्ये, म्हणजे सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर तीन वर्षांनी, जपानच्या एदो शहरात मित्सुई ताकातोशी याने 'एचिगोया' हे कापडाचे दुकान घातले. तोपर्यंत तेथील कापडवाले सरदारांच्या घरी माल नेऊन दाखवीत, उधारीने विकत आणि माणूस पाहून भाव सांगत. याने ठरवले की गिऱ्हाइकाने दुकानात यावे, रोख द्यावे, आणि भाव सर्वांना एकच. युरोपात ही पद्धत मोठ्या दुकानांतून रुळली ती एकोणिसाव्या शतकात. भाव ठरलेला असला की विक्रेत्याला समोरच्याची ऐपत चेहऱ्यावरून वाचण्याचे कारण उरत नाही, आणि त्याचे बोलणे सौद्यातून सुटून शिष्टाचारात जाते. आज जपानी दुकानात शिरताच 'इराश्शाइमासे' असा पुकारा होतो. त्याला उत्तर द्यायचे नसते. या अतिनम्रतेचा बोजा नोकरांना इतका झाला की गिऱ्हाइकांच्या उर्मटपणापासून नोकरांचे रक्षण करणारा नियम टोकियो महानगराला करावा लागला. तो एप्रिल २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे केरळात कापडदुकानांतील स्त्रियांनी निराळाच हक्क मागितला, बसण्याचा. दिवसभर उभे राहण्याच्या सक्तीविरुद्ध त्या झगडल्या आणि २०१८ मध्ये केरळने, २०२१ मध्ये तमिळनाडूने तशी तरतूद कायद्यात घातली. इंग्लंडने स्त्री-विक्रेत्यांसाठी बैठकीचा कायदा १८९९ मध्येच केला होता. सुरतेच्या गादीवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे मुळातच दोघे बसलेले असतात.

मराठी दुकानाच्या तुटकपणावर विनोद पुष्कळ झाले. दुपारी एक ते चारचे बंद दार आणि पुणेरी पाट्या यांवर आम्हीही हसलो आहोत. पण आमच्या दुकानदारीच्या इतिहासातील खरी लाज त्या पाट्यांत नाही. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाने दुकानाबाहेर उभे राहावे, नाणे खाली ठेवावे, दुकानदाराने त्यावर पाणी शिंपडून ते उचलावे आणि माल वरून टाकावा, ही रीत आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिली आहे. येथे भाषा एकच होती. 'काय पाहिजे?' हा प्रश्न दोघांना कळत होता, आणि तरीही फळी ओलांडता येत नव्हती.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानांचा स्पष्ट उल्लेख आला तो याचसाठी. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानात प्रवेशास अडवता येणार नाही. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने योजला असल्याचे सांगितले. मोबदला देण्यास तयार असणाऱ्याला जेथे सेवा मिळते ते सारे त्यात येते. पुढे १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा ठरवला.

आता या अनुच्छेदातील कारणांची यादी पुन्हा पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. भाषा त्यात नाही. शासकीय मदतीच्या शिक्षणसंस्थांतील प्रवेशाविषयी बोलणाऱ्या अनुच्छेद २९(२) मध्ये भाषा आहे. दुकानाच्या दारात नाही. ग्राहक संरक्षणाचा कायदा सदोष माल आणि सेवेतील उणीव यांची दाद देतो. 'मला माझ्या भाषेत उत्तर दिले नाही' ही तक्रार घेऊन आमच्याकडे कोणी आले तर फी न घेता त्यास घरी पाठवावे लागेल. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी कायदे केले ते पाटीचे. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीची केली; महाराष्ट्राने २०२२ मध्ये मराठी पाटी सर्व दुकानांना लागू केली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीवरून खटले झाले, दगडही पडले. त्या पाटीखालून आत गेलेल्या म्हातारीशी कोण कसे बोलले, याची नोंद कोणत्याही सरकारकडे नाही, आणि कायद्याने ती होऊ शकेल असे आम्हांस व्यवसायाच्या अनुभवावरून वाटत नाही.

आमच्या पक्षकाराने सुरतेत खरेदी केली. त्यांच्या दुकानात त्या साड्या आमच्या शहापूर-वडगावच्या मागांवरील साड्यांशेजारी मांडल्या जातील आणि स्वस्त म्हणून आधी खपतील. तो वेगळा, दुखरा विषय आहे. निघताना त्यांनी अमळनेरच्या मुलाला अर्ध्या थट्टेने विचारले, "बेळगावला येतोस का माझ्याकडे?" त्याने विचारले, "तिथं कोणती भाषा लागते शेठ?" आमचे पक्षकार, जे सभा-मोर्चांत आमच्या शेजारी उभे असतात, क्षणभर थांबून म्हणाले, "दोन्ही लागतात. समोर कोण आलंय ते बघून."

परतताना आम्ही खानदेशमार्गे आलो. वाटेत नवापूर लागते. त्या स्थानकाची इमारत आणि फलाट अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि गाड्यांची घोषणा चार भाषांत. आमचा डबा नेमका कोणत्या राज्यात थांबला होता ते कळले नाही. खिडकीशी चहावाला आला, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले, क्षणभर अंदाज घेतला आणि विचारले, "काका, चा?" हे दोन्ही शब्द दोन्ही भाषांत बोलले जात असल्याने त्याने कोणती भाषा निवडली हे आम्हांस शेवटपर्यंत ठरवता आले नाही. आम्ही दोन कप घेतले.